‘रोटो’ हा शब्द कुठून आला? फ्लायशर बंधूंच्या कार्टून स्टुडिओची गोष्ट

मुंबईत किंवा पुण्यात व्हिज्युअल इफेक्ट्सच्या एखाद्या स्टुडिओत नव्याने लागलेल्या मुलाला काम कसले आहे असे विचारले, तर पुष्कळदा एकाच शब्दात उत्तर मिळते: ‘रोटो’. चित्रपटातील एक दृश्य संगणकावर उघडायचे, त्यातील नटाच्या खांद्याभोवती, कानाभोवती, बोटांमधल्या फटींभोवती रेषा आखायची, मग पुढची फ्रेम उघडायची आणि नट जेवढा हलला असेल तेवढीच ती रेषा सरकवायची. अशा चोवीस फ्रेमा झाल्या, की पडद्यावरचा एक सेकंद होतो. नायिकेचे केस वाऱ्यावर भुरभुरत असतील, तर त्या एका सेकंदासाठी सबंध दिवसही पुरत नाही. हॉलिवूडच्या मोठ्या चित्रपटांचे हे किचकट काम गेली कित्येक वर्षे मोठ्या प्रमाणावर भारतात येते आणि ते करणारी मुले स्वतःला ‘रोटो आर्टिस्ट’ म्हणवतात. मात्र ‘रोटो’ म्हणजे काय, हे त्यांच्यापैकी थोड्यांनाच सांगता येते. तो ‘रोटोस्कोप’ या यंत्राच्या नावाचा उरलेला तुकडा आहे, आणि ते यंत्र शंभराहून अधिक वर्षांपूर्वी न्यूयॉर्कमधील काही भावांनी मिळून घरच्या घरी जुळवले होते.

त्या भावांचा स्टुडिओ म्हणजे फ्लायशर स्टुडिओ. अमेरिकी कार्टून म्हटले, की आपल्याकडे डिस्नेचे नाव आधी निघते, त्यानंतर टॉम आणि जेरीचे. पालक खाऊन दंड फुगवणारा पॉपाय सगळ्यांच्या ओळखीचा असला, तरी त्याला पडद्यावर आणणारे हात कोणाचे होते, हे सहसा कोणी विचारत नाही. माझ्या मते याचे कारण असे, की फ्लायशरांनी मागे ठेवली ती मुख्यतः काम करण्याच्या पद्धतींची शिदोरी, आणि पद्धतीवर कर्त्याची सही नसते. पात्र लोकांच्या लक्षात राहते. ते कोणत्या युक्तीने हलले, हे फक्त कारागिरांच्या लक्षात राहते.

मॅक्स फ्लायशर यांचा जन्म १८८३ मध्ये क्राकूव्ह येथे झाला. आज पोलंडमध्ये असलेले हे शहर त्या वेळी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते. वडील शिंपीकाम करीत. १८८७ मध्ये हे ज्यू कुटुंब न्यूयॉर्कला आले आणि मुले ब्रुकलिनच्या गरीब वस्तीत वाढली. मॅक्स यांनी आधी एका स्थानिक दैनिकात व्यंगचित्रे काढली आणि पुढे ‘पॉप्युलर सायन्स’ या मासिकात कलासंपादकाची नोकरी धरली. ही नोकरी ध्यानात ठेवण्याजोगी आहे, कारण तेथे त्यांचे काम नवनवी यंत्रे सामान्य वाचकाला चित्रांतून समजावून सांगण्याचे होते. चित्रकार आणि यंत्रांचा नाद असलेला माणूस अशा दोन वृत्ती एकाच डोक्यात नांदत होत्या. घरही त्याला साजेसेच होते. ज्यो हा भाऊ वीज आणि यंत्रे जाणणारा, लू संगीतातला, आणि धाकटा डेव्ह कोनी आयलंडच्या जत्रेसारख्या करमणूकनगरीत विदूषकाचे काम केलेला.

त्या काळातील कार्टूनपटांची अडचण अशी, की त्यांतील पात्रे झटके बसल्यासारखी हलत. चित्रकार एकामागून एक चित्रे मनाने काढी, आणि माणूस चालताना त्याचे वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर कसे जाते, खांदा कधी खाली येतो, मान किती उशिरा वळते, हे सारे मनाने काढणे भल्याभल्यांना जमत नसे. मॅक्स यांनी प्रश्नाची बाजूच बदलली. चाल मनाने काढता येत नसेल, तर खऱ्या माणसाकडून उसनी का घेऊ नये?

रोटोस्कोपची रचना शाळेतल्या पाटीवर अक्षर गिरवण्यासारखी आहे. आधी खऱ्या माणसाचे साध्या कॅमेऱ्याने चित्रीकरण करायचे. मग ती फिल्म प्रक्षेपकात घालून तिची एकच फ्रेम एका दुधी काचेवर मागच्या बाजूने पाडायची. काचेच्या पुढच्या बाजूला कागद लावून चित्रकार बसतो आणि कागदातून दिसणारी आकृती गिरवतो. ती झाली, की फिल्म एका फ्रेमने पुढे सरकवायची, नवा कागद लावायचा आणि पुन्हा गिरवायचे. मूकपटांच्या काळात सेकंदाला साधारण सोळा फ्रेमा धरल्या, तर एका मिनिटाच्या हालचालीसाठी जवळपास हजार चित्रे गिरवावी लागतात. डेव्ह यांनी पांढऱ्या मोठ्या गुंड्यांचा विदूषकाचा काळा पोशाख चढवला, गच्चीवर त्यांचे उड्या मारतानाचे चित्रण झाले आणि नोकऱ्या सांभाळून उरलेल्या वेळात भावांनी ते गिरवायला घेतले. मिनिटभराच्या त्या पहिल्या प्रयोगाला सुमारे वर्ष लागले, असे सांगतात. १९१५ च्या डिसेंबरमध्ये मॅक्स यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि १९१७ च्या ऑक्टोबरमध्ये ते मंजूर झाले. पोशाख काळा का होता, हे ते चित्र पाहिले की कळते: उजळ आकाशासमोर काळी आकृती उठून दिसते आणि तिची कड गिरवायला सोपी जाते. आजच्या स्टुडिओत नटामागे हिरवा पडदा लावतात, त्यामागची अक्कल याच जातीची आहे.

या विदूषकाचे पुढे कोको असे बारसे झाले आणि त्याच्यावर ‘आउट ऑफ द इंकवेल’ ही मालिका बेतली गेली. तिचा साचा साधा होता. टेबलाशी खरेखुरे मॅक्स बसलेले असत, शाईच्या दौतीतून कोको बाहेर येई, कागदावरून उतरून टेबलावर धुडगूस घाली, आपल्या निर्मात्याशी हुज्जत घाली आणि शेवटी पुन्हा दौतीत जाऊन बसे. खऱ्या टेबलाचे स्थिर छायाचित्र खाली आणि त्यावर पारदर्शक सेल्युलॉइडच्या पत्र्यावर रंगवलेला कोको, अशी थरांची मांडणी करून हा चमत्कार साधला जाई. सुरुवातीला दुसऱ्या एका स्टुडिओसाठी ही मालिका करणाऱ्या भावांनी १९२१ मध्ये आपला स्वतंत्र स्टुडिओ काढला. जाता जाता एक गोष्ट सांगायचा मोह होतो. मॅक्स यांच्यातला ‘पॉप्युलर सायन्स’चा संपादक गप्प बसला नव्हता, आणि १९२३ मध्ये त्यांनी एका जर्मन चित्रपटातील दृश्ये वापरून आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धान्तावर सामान्यांसाठी चित्रपट तयार केला, तर दोनच वर्षांनी उत्क्रांतीवर. अवघड विषय सोपा करून सांगण्याचा धंदा त्यांनी कधी सोडलाच नाही.

आजचा रोटो आणि तेव्हाचा रोटोस्कोप यांत एक मजेदार उलटापालट झालेली आहे, आणि नवशिक्यांचा गोंधळ होतो तो नेमका येथेच. फ्लायशर माणसाभोवती रेषा ओढत, ती रेषा ठेवत आणि माणूस टाकून देत. पडद्यावर उरे तो कोको, डेव्ह कोठेच नसे. आजचा रोटो आर्टिस्ट माणसाभोवती रेषा ओढतो, पण ती रेषा प्रेक्षकाला कधीच दिसत नाही. ती फक्त संगणकाला सांगते, की इथपर्यंत नट आहे आणि इथून पुढे पार्श्वभूमी. त्या कडेवरून नटाला कात्रीने कापल्यासारखा उचलून दुसऱ्या दृश्यात, म्हणजे मंगळावर किंवा समुद्राच्या तळाशी, नेऊन ठेवता येते. येथे माणूस उरतो आणि रेषा फेकली जाते. हेतू उलटा झाला, तरी एकेका फ्रेमवर मान मोडून बसण्याची क्रिया तीच राहिली, म्हणून नावही तेच राहिले.

रोटोस्कोपवर एक आक्षेप पहिल्यापासून आहे: हे तर निव्वळ गिरवणे झाले, यात कला कोणती? आक्षेप पोकळ नाही. त्याचे उत्तर फ्लायशरांच्या १९३२ च्या एका लघुपटात सापडते. त्याचे नाव ‘मिनी द मूचर’. सुरुवातीला कॅब कॅलोवे हे हार्लेममधील कृष्णवर्णीय गायक आपल्या वाद्यवृंदापुढे प्रत्यक्ष नाचताना दिसतात: पाय जमिनीवरून घसरत असल्यासारखे, कंबर आणि खांदे जणू वेगवेगळ्या तालावर. मग कार्टून सुरू होते. जेवायला नकार दिला म्हणून आईबापांची बोलणी खाणारी बेटी बूप, म्हणजे या स्टुडिओची कार्टून नायिका, घर सोडून पळते आणि रात्री एका गुहेत शिरते. तेथे मोठ्या सुळ्यांचा एक वॉलरस भुताच्या रूपात उभा ठाकतो आणि गाऊ लागतो. आवाज कॅलोवे यांचा आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे अंगही कॅलोवे यांचेच आहे, कारण त्यांचा नाच रोटोस्कोपवर गिरवून वॉलरसच्या देहावर चढवला आहे. लठ्ठ, धूसर, पारदर्शक जनावर, आणि त्याची चाल मात्र निष्णात नर्तकाची. पावले मागे सरकतात, हात हवेत लोंबतात, सोंडेसारखे तोंड तालावर डोलते. भोवती सांगाडे, कैद्यांची भुते, विजेची खुर्ची असा पसारा आहे. तरीही अंगावर काटा येतो तो त्या चालीमुळे. माणसाची चाल माणसाच्या अंगावर असली, की ती आपल्या डोळ्यांना खुपत नाही. तीच भलत्या अंगावर दिसली, की मन चरकते. अखेरीस बेटी धावत घरी येऊन पांघरुणात शिरते आणि तिने लिहून ठेवलेल्या निरोपाच्या चिठ्ठीचे तुकडे होऊन तीवर फक्त ‘होम स्वीट होम’ एवढी अक्षरे उरतात. सात-आठ मिनिटांच्या या लघुपटात गिरवण्याची कला कशात असते, ते पुरते कळते: उसनी चाल कोणाच्या अंगावर चढवायची, या निवडीत.

याच्या नेमके उलटे उदाहरणही याच स्टुडिओने घालून दिले. १९३९ च्या त्यांच्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’ या पहिल्या पूर्ण लांबीच्या चित्रपटात गलिव्हर रोटोस्कोपने काढला आहे. माणसाची चाल माणसाच्याच देहाला दिली. बाकीचे बुटके लोक गोलमटोल आणि लवचीक, आणि त्यांच्यामध्ये हा घडीव पुतळ्यासारखा माणूस. बुटक्यांच्या नजरेत तो परका वाटावा म्हणून हे ठीक, असे कोणी म्हणेल. पण मला तो निर्जीव वाटतो. यंत्र तेच, माणसे बव्हंशी तीच, आणि सात वर्षांत केवढा फरक.

दुसरी युक्ती इतकी साधी आहे, की तिचा शोध कोणाला तरी लावावा लागला असेल, हे आपल्या मनातही येत नाही. कॅराओकेत किंवा लहान मुलांच्या गाण्याच्या व्हिडिओत ओळीवर एक ठिपका अक्षराअक्षरावरून उड्या मारत जातो आणि कोणते अक्षर कधी म्हणायचे ते दाखवतो. हा उडणारा चेंडू फ्लायशरांनी १९२४ पासून काढलेल्या गाण्यांच्या लघुपटांतून प्रचारात आला. त्या काळी चित्रपटगृहातल्या प्रेक्षकांनी मिळून गाणे म्हणायचे, ही लोकप्रिय रीत होती आणि शब्द काचेच्या चित्रपट्ट्यांवरून दाखवले जात. शब्द दिसले, तरी ताल दिसत नसे, म्हणून कोणी पुढे जाई, कोणी मागे राही. चेंडूने ताल डोळ्यांना दाखवला. गंमत अशी, की हा चेंडू कार्टून नव्हता. काळ्या काठीच्या टोकाला पांढरा चेंडू बसवून, गाण्याच्या तालावर ती काठी हाताने नाचवत तो ओळीसमोर चित्रित केला जाई, आणि काळ्या-पांढऱ्यातला भेद ठळक करणाऱ्या फिल्मवर काळ्या पार्श्वभूमीत काठी नाहीशी होई. संगीत जाणणारे लू यांनी हे काम बरेचदा केले. संगीताची जाण असलेल्या हाताची ती उडी असल्यामुळे चेंडू लांब स्वरावर रेंगाळे आणि द्रुत जागी टुणटुण पुढे जाई.

याच लघुपटांपैकी काही बोलके होते. ली डी फॉरेस्ट यांच्या फोनोफिल्म या पद्धतीत ध्वनी फिल्मच्या कडेवरच छापला जाई, आणि ती वापरून फ्लायशरांनी १९२६ पर्यंत चित्राशी जुळवलेल्या आवाजाचे कार्टून दाखवले होते. डिस्नेंचा ‘स्टीमबोट विली’ आला तो १९२८ च्या नोव्हेंबरमध्ये. तरीही पहिल्या बोलक्या कार्टूनचा मान सर्रास त्यालाच दिला जातो. यात कोणाचा कट नाही. फोनोफिल्मची यंत्रे फारच थोड्या चित्रपटगृहांत होती, ती कंपनीही लवकरच बुडाली, आणि जे कोणी ऐकलेच नाही त्याची आठवण कोण ठेवणार?

तिसरी युक्ती समजून घ्यायची, तर कोकण रेल्वेच्या खिडकीत बसावे. रुळाजवळचे खांब सटासट मागे पळतात, थोड्या अंतरावरच्या माडांच्या रांगा सावकाश सरकतात आणि दूरचा सह्याद्री तर आपल्याबरोबरच चालत असल्यासारखा वाटतो. जवळची वस्तू वेगाने आणि दूरची हळू सरकते, या फरकावरूनच आपला मेंदू अंतर ओळखतो. सपाट कागदावर रंगवलेले दृश्य सरकवले, तर त्यातील खांब, माड आणि डोंगर एकाच वेगाने सरकतात, आणि म्हणून ते पडद्यासारखे दिसते. हा दोष घालवण्यासाठी फ्लायशरांनी चित्राऐवजी खरे छोटे देखावेच उभे केले: लाकूड, पुठ्ठा आणि प्लास्टरचे रस्ते, गुहा, झाडे, घरे. हा देखावा कुंभाराच्या चाकासारख्या फिरत्या चौथऱ्यावर मांडलेला असे. त्याच्यासमोर उभ्या काचांच्या चौकटीत पात्राचे सेल, म्हणजे सेल्युलॉइडवर रंगवलेली चित्रे, बसवायचे, त्यासमोर आडवा कॅमेरा. एक फ्रेम टिपायची, सेल बदलायचे, चौथरा एका खाचेने फिरवायचा, दुसरी फ्रेम टिपायची. पात्र जागेवरच पावले टाकते, मागचे जग त्याच्याभोवती फिरते, आणि जवळचे-दूरचे अंतर आपोआप बरोबर येते, कारण ते खरेच असते. १९३४ च्या ‘पुअर सिंड्रेला’ या बेटीच्या पहिल्या रंगीत लघुपटात ही रचना वापरली गेली आणि १९३६ च्या ‘पॉपाय द सेलर मीट्स सिंदबाद द सेलर’मध्ये तिचे सामर्थ्य पुरते दिसले. तेथे सिंदबाद आपल्या बेटावरच्या गुहांमधून बढाया मारीत, गात चालतो आणि त्याच्यामागून कातळ, कमानी अशा सरकतात, की आपण गुहेत डोकावून पाहतो आहोत असे वाटावे. डिस्नेंचा बहुस्तरी कॅमेरा १९३७ मध्ये आला. त्यात काचेवर रंगवलेली चित्रे एकाखाली एक ठेवून अंतराचा भास निर्माण केला जाई. फ्लायशरांच्या पद्धतीचा दोष असा, की मागचे दगड खऱ्या उजेडसावलीतले आणि पुढचे पात्र सपाट रंगाचे, त्यामुळे ते अधूनमधून वरून चिकटवल्यासारखे दिसते. शिवाय आडवे चालणे सोडून फारशा हालचालींना ती सोयीची नव्हती. म्हणून मागे पडली. पण संगणकावर उभारलेल्या त्रिमिती देखाव्यापुढे हाताने काढलेले पात्र ठेवण्याची आजची रीत पाहिली, की तो फिरता चौथरा आठवल्याशिवाय राहत नाही.

पॉपायची पुटपुट हीसुद्धा पद्धतीचीच देणगी आहे. मूळ पॉपाय ई. सी. सीगर यांच्या वर्तमानपत्री चित्रमालिकेत १९२९ मध्ये अवतरला आणि १९३३ मध्ये फ्लायशरांनी त्याला पडद्यावर आणले. डिस्नेंकडे संवाद आधी ध्वनिमुद्रित करून त्यांना अनुसरून ओठ काढले जात. फ्लायशरांकडे दीर्घकाळ उलटे चाले: चित्रण आधी पूर्ण व्हायचे आणि आवाज मागाहून. त्यामुळे जॅक मर्सर हे पॉपायचे आवाजकार तयार चित्र पाहता पाहता ओठ मिटलेले असतानाही काहीबाही पुटपुटत, शेरे मारत, स्वतःशीच हसत. ओठ जुळण्याची अटच नव्हती. पॉपायचा अर्धा विनोद या पुटपुटण्यात आहे, आणि त्यातला बराचसा हजरजबाबीपणा मर्सर यांचा स्वतःचा.

बेटी बूपचे भाग्य इतके चांगले नव्हते. १९३० मध्ये ती पहिल्यांदा आली, तेव्हा तिला कुत्रीचे लांब कान होते. १९३२ पर्यंत ती पुरती स्त्री झाली आणि त्या कानांच्या जागी गोल डूल आले. तोकड्या झग्यातली, खट्याळ, शहरी बेटी ही मुलांपेक्षा मोठ्यांसाठी होती. १९३४ च्या मध्यापासून हॉलिवूडची नीतिनियमावली कडकपणे लागू झाली. मग झगा लांबला, बाह्या आल्या, बेटी घरकामात रमली आणि १९३९ मध्ये मालिका आटोपली. सेन्सॉरने पात्र मारले नाही, सुधारले. परिणाम तोच झाला.

स्टुडिओ बुडाला त्याला मात्र एक कारण सांगता येत नाही. मे १९३७ मध्ये कमी पगार आणि कामाचे तास यांवरून कर्मचारी संपावर गेले. पॉपायच्याच गाण्याच्या चालीवर युनियनची गाणी म्हणत ते रस्त्यावर उभे राहिले आणि हा संप पाच महिने चालला. अमेरिकी कार्टूनधंद्यातला हा पहिला मोठा संप मानला जातो. हाडाचे कारागीर असलेले मॅक्स मालक म्हणून मात्र ही नाराजी ओळखू शकले नाहीत, असे माझे मत आहे. तोडगा निघाला, पण १९३८ मध्ये स्टुडिओच न्यूयॉर्कहून फ्लोरिडातील मायामीला हलवण्यात आला. तेथे युनियनचे बळ कमी होते, शिवाय पूर्ण लांबीच्या चित्रपटांसाठी मोठी जागा हवी होती, कारण डिस्नेंच्या ‘स्नो व्हाइट’ने पैशांचा पाऊस पाडलेला वितरक पॅरामाउंटने पाहिला होता. न्यूयॉर्कच्या गल्ल्या, तिथली बोली, तिथले जॅझ यांवर पोसलेला विनोद समुद्रकिनारी नेऊन लावला. तो तसा रुजला नाही. हलवाहलवीचा खर्च पॅरामाउंटच्या कर्जातून झाला होता. त्यातच मॅक्स आणि डेव्ह यांचे बिनसले, इतके की दोघे एकमेकांशी बोलेनासे झाले. १९४१ मध्ये पॅरामाउंटने स्टुडिओचा ताबा घेतला. ‘मिस्टर बग गोज टू टाउन’ हा त्यांचा दुसरा मोठा चित्रपट त्याच डिसेंबरमध्ये आला, म्हणजे नेमका पर्ल हार्बरवरील हल्ल्याच्या दिवसांत, आणि वाया गेला. १९४२ मध्ये दारावरची पाटी बदलून ‘फेमस स्टुडिओज’ झाली.

आणि तरीही या बुडत्या काळातच त्यांनी सुपरमॅन केला. पॅरामाउंटने विचारले तेव्हा काम टाळण्यासाठी त्यांनी एका लघुपटाला एक लाख डॉलर असा अवाच्या सवा भाव सांगितला, असे म्हणतात. पॅरामाउंटने घासाघीस करून काम दिलेच. सप्टेंबर १९४१ पासून आलेल्या सतरा लघुपटांपैकी पहिले नऊ फ्लायशरांचे आहेत. चित्रकथेतला सुपरमॅन मुळात लांब उड्या मारी. पडद्यावर त्या उड्या टोळासारख्या दिसू लागल्या, म्हणून त्याला उडू द्यायची परवानगी प्रकाशकांकडून घेतली, अशी हकीकत सांगितली जाते. खोल सावल्या, खालून दिसणाऱ्या गगनचुंबी इमारती आणि वजनदार यंत्रे यांचे हे लघुपट पुढच्या पिढ्यांनी अक्षरशः अभ्यासले. १९९२ च्या ‘बॅटमॅन’ कार्टून मालिकेचे काळोखे शहर येथून आले. जपानच्या हायाओ मियाझाकी यांच्या १९८६ च्या ‘लापुता’मधील लांब हातांचे यंत्रमानव ‘मेकॅनिकल मॉन्स्टर्स’ या १९४१ च्या लघुपटातील यंत्रमानवांचे सरळ वंशज आहेत. २०१७ मध्ये आलेला ‘कपहेड’ हा व्हिडिओ गेम तर सबंधच फ्लायशरांच्या रबरी हातापायांच्या शैलीत हाताने रेखाटलेला आहे.

हे लघुपट इतक्या जणांना सहज पाहायला कसे मिळाले, याचे उत्तर कायद्यात आहे. त्या काळच्या अमेरिकी कायद्यानुसार स्वामित्वहक्क आधी अठ्ठावीस वर्षांसाठी मिळे आणि मुदत संपताना अर्ज केला तरच तो वाढे. सुपरमॅनच्या या लघुपटांसाठी तो अर्ज कोणी केला नाही. ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’चेही तसेच. त्यामुळे ते सर्वांना खुले झाले आणि स्वस्त व्हिडिओ कॅसेटींपासून इंटरनेटपर्यंत सगळीकडे पसरले. येथे एक भेद नीट समजून घ्यायला हवा: लघुपट खुला झाला म्हणजे पात्र खुले झाले असे नव्हे. सुपरमॅनचा लघुपट कोणीही दाखवू शकतो, पण त्याची नवी गोष्ट रचून कोणी विकू शकत नाही. उलट बेटी बूपचे १९३० चे पहिले रूप पंचाण्णव वर्षे पूर्ण होऊन १ जानेवारी २०२६ रोजी अमेरिकेत खुले झाले. तेही कुत्रीच्या कानांचे, आणि तिच्या नावाचे व्यापारचिन्ह मात्र अजून राखलेले आहे. खुलेपणाची दुसरी बाजूही आहे. ज्याचा कोणी धनी नाही, त्याची चांगली प्रत जपायलाही कोणी नाही, आणि म्हणून वर्षानुवर्षे लोकांनी हे लघुपट धूसर, ओरखडलेल्या प्रतींतच पाहिले.

धनी असलेल्या पॉपायची वेगळीच गत झाली. काळेपांढरे लघुपट दूरचित्रवाणीवर खपत नाहीत म्हणून १९८० च्या दशकात ते दक्षिण कोरियात पाठवून हाताने पुन्हा गिरवून रंगवून घेतले गेले. खर्च वाचवण्यासाठी कित्येक ठिकाणी एकाआड एक चित्र वगळले, पार्श्वभूमीतले बारकावे गाळले. मूळची लवचीक चाल त्यात अडखळू लागली. गिरवण्याचे यंत्र शोधणाऱ्या माणसाच्या चित्रांना असे गिरवले जावे, आणि तेही वाईट रीतीने, याला काय म्हणावे?

मॅक्स यांचे चिरंजीव रिचर्ड फ्लायशर पुढे दिग्दर्शक झाले. १९५० च्या दशकाच्या आरंभी त्यांना एका मोठ्या चित्रपटाचे बोलावणे आले, ज्यूल व्हर्न यांच्या पाणबुडीच्या कथेवरच्या, आणि बोलावणारे होते वॉल्ट डिस्ने. रिचर्ड यांनी लगेच होकार दिला नाही. ज्यांच्याशी बापाने आयुष्यभर झुंज घेतली, त्यांच्या पदरी काम करायचे, तर आधी बापाला विचारायला हवे, असे त्यांना वाटले आणि त्यांनी न्यूयॉर्कला फोन लावला. मॅक्स यांनी आनंदाने संमती दिली, आणि दिग्दर्शक निवडण्यात तुमची पारख चांगली आहे, एवढा निरोप डिस्नेंना द्यायला सांगितले.